अकरा किलोमीटर उतार

३ मार्च

दादा,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते वहिनीला पाठ आहे, मला नाही. चौथीत सुटलेली शाळा. म्हणून नुसतं दादा. फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो, तेवढ्या आशेवर लिहितोय.

मी ठीक आहे. हे आधीच सांगतो, कारण कुणीतरी तिखटमीठ लावून तुझ्या कानावर घालणारच. माझ्या गाडीला अपघात झाला. मागच्या मंगळवारी, सकाळी साडेदहाला. कपाळावर सहा टाके पडले. गाडीत खिडक्यांच्या काचांचा माल होता, त्यातली एकही वाचली नाही. उताराच्या पायथ्याला वळण आहे. तिथं एक म्हातारे गृहस्थ छोट्या गाडीत रोपं भरून चालले होते, त्यांना मागून धडक बसली. त्यांचा पाय मांडीत मोडला. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणाले.

ब्रेक फेल झाले. मी तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश उतरत होतो. पाय दाबला तर ब्रेक लोण्यात सुरी जावी तसा आत गेला आणि खाली काहीच नाही.

त्या रस्त्यावर माझी पहिलीच फेरी. रोजचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून सुपरवायझरनं किल्ली माझ्याकडं टाकली. म्हणाला, "डोंगराचा रस्ता आहे. जाशील ना?" मी म्हटलं, "जाईन की, त्यात काय." मला नाही कुठं म्हणता येतं? एका जागी बसलो की पायाला मुंग्या येतात, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे.

आता टाके निघेपर्यंत खोलीवरच आहे. खोलीत एक खाट आणि दोन माणसं. दुसरा पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. तो येतो तेव्हा मी निघालेलो असतो, मी येतो तेव्हा तो. आपल्याच भाषेचा आहे, पण वर्षभरात त्याची माझी ओळख उशीच्या खड्ड्यापुरतीच. मी त्याला पाळीवाला म्हणतो. आता मी दिवसा घरी, तर तो झोपतो आणि मी खुर्चीवर बसून त्याचं घोरणं ऐकतो. तेवढीच सोबत.

तुझा पाय कसा आहे? थंडीत ठणकतो का अजून?

धाकटा


९ मार्च

दादा,

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तराची वाट बघत नाहीये. तरी खालच्या पत्रपेटीत दोनदा हात घालून आलो.

चौकशी सुरू झालीय. अपघात तपासणाऱ्या खात्याच्या एक बाई आहेत, तुझ्या वयाच्या, नखं कातरलेली, आवाज कधी चढत नाही. दुभाष्या मध्ये बसवून त्यांनी विचारलं, "या रस्त्यावर आधी कधी आला होता?"

"नाही."

"वरती उताराचा बोर्ड आहे. पाहिला?"

"इथली लिपी मला येत नाही."

ते त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या उतारावर इथल्या लोकांच्या गाड्या सुटत नाहीत असं नाही, पण बाहेरून आलेल्यांच्या जास्त सुटतात." मला राग आला. बाहेरचे म्हणजे काय, आम्ही काय डोळे घरी ठेवून येतो? पण पुढचं त्यांनी विचारलं आणि राग जागीच विझला.

"सातव्या किलोमीटरला उजव्या हाताला वाळूची वाट आहे. ती का नाही घेतली?"

ती वाट मी पाहिली होती, दादा. रस्त्यातून एक फाटा फुटतो, वर चढतो आणि जाडसर वाळूत संपतो. पुढं काही नाही, झाडं. कडेला लाल-पांढऱ्या चौकटींचा फळा. मला वाटलं कुणीतरी घर बांधायला घेतलंय आणि रस्ता अर्धाच राहिलाय. परक्याच्या दारात गाडी कशाला घाला? म्हणून मी सरळ गेलो. आता कळतंय की ती वाट ब्रेक गेलेल्या गाडीसाठीच असते. गाडी वाळूत घुसते, रुतते, थांबते. इथल्या शाळेतल्या पोरालाही ते माहीत आहे. मी तिच्या तोंडावरून हॉर्न वाजवत पुढं गेलो.

बाईंना हेच सांगितलं. मग त्यांनी तेही लिहिलं.

ब्रेकचे लायनर जळून कोळसा झालेत. ते आधीच खराब होते म्हणून जळले की माझ्या पायानं जळले, ते लोखंड बघून सांगता येत नाही म्हणे. जुनी गाडी, त्यात काही नोंदणारं यंत्र नाही. म्हणजे सगळं माझ्या जबाबावर आलंय. वीस तारखेला लेखी जबाब द्यायचाय. तोवर आमच्या गॅरेजच्या मिस्त्रीला घरी बसवलंय, कारण चारच दिवस आधी ब्रेक त्यानं उघडून बसवले होते. ब्रेकचा दोष निघाला तर त्याचा परवाना जाईल. सत्तावन्न वर्षांचा माणूस.

मिस्त्रीबद्दल तुला कधी लिहिलं नाही, कारण तुला काहीच लिहिलं नाही. माझं इथं कुणी असेल तर तो. त्याची भाषा वेगळी, माझी वेगळी. दोघांनी मिळून मधली एक मोडकी भाषा बांधलीय, अर्धी तोंडानं, अर्धी पान्यानं. पहिल्या दिवशी मी गिअर करकरवला तेव्हा तो गाडीखालून ओरडला होता, "ती तुझी सासू नाही, हळू बोल तिच्याशी." सासू हा शब्द त्याला मीच नंतर शिकवला, तेव्हा तो काहीतरी दुसरंच म्हणाला असेल. पण मला तसंच आठवतं. लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला आणि एक टोक कानाला लावून तो डोळे मिटतो. मग सांगतो, हिला काय होतंय ते.

पाळीवाल्याला मी सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "ब्रेक फेल लिही आणि मोकळा हो. लोखंडाला कुठं लाज असते?"

म्हटलं, "मिस्त्रीला असते ना."

"मग रस्त्यावर ढकल. बोर्ड वाचता येत नव्हता म्हण. खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाही."

"मग तोंड का असं, एरंडेल प्यायल्यासारखं?"

आणि झोपला.

धाकटा


१४ मार्च

दादा,

काल मिस्त्री खोलीवर आला होता.

चार मजले चढून आला, धापा टाकत. हातात सफरचंदं. पाळीवाला झोपलेला म्हणून आम्ही जिन्यात बसलो. मला वाटलं भांडायला आलाय. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या कपाळाला बोट लावून टाके बघितले आणि विचारलं, "ब्रेक जायच्या आधी आवाज कसा आला? घासल्यासारखा की शिट्टीसारखा?"

मी त्याच्या हातातली सफरचंदं घेऊन पायरीवर ठेवली.

"आठव. शिट्टी असेल तर डावीकडचं चाक. घासल्यासारखा असेल तर लायनर मी बसवताना काहीतरी राहिलं. मी रोज मनात ते चाक उघडतो आणि बसवतो. सगळं जागच्या जागी असतं. पण माणूस म्हातारा होतो ना. हात विसरतात."

दादा, मी म्हणालो, "घासल्यासारखा."

का म्हणालो? काहीतरी म्हणायचं होतं म्हणून. त्यानं मान हलवली, चूक सापडल्यासारखी. "हां," म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून उठला आणि कठडा धरून उतरला. आधी तो कठडा धरत नसे.

आता तुला खरं लिहितो. कुणालातरी आधी सांगून बघायचंय आणि तुझ्याशिवाय हे कुणाला कळणार?

गाडी न्यूट्रलला होती.

वर पोचलो, समोर नुसता उतार, ऊन पडलेलं, रस्ता धुतल्यासारखा. हात आपोआप गिअरवर गेला आणि मी तिला मोकळी सोडली. तू शिकवलेली विद्या. गावाकडं आपला मालक डिझेल मापून द्यायचा, म्हणून उतारावर इंजिनाला झोपवायचं. आपल्याकडचा उतार एक गाणं संपायच्या आत संपतो. खाली पूल, पुढं चढ, गाडी आपली आपण शांत होते. इथं डिझेल कंपनीचं. वाचवून मला टाळीसुद्धा मिळणार नव्हती. पण हाताला कुठं माहीत की देश बदललाय. मला वाटलं, आता संपेल, या वळणानंतर संपेल. गिअरमध्ये गाडी स्वतःला धरून उतरते. न्यूट्रलमध्ये सगळं ओझं ब्रेकवर. ब्रेकनं सहा किलोमीटर धरलं, मग सोडलं. नवीन नवरीसारखे चकचकीत लायनर होते ते. मिस्त्रीनं एक स्क्रूसुद्धा सैल ठेवला नव्हता.

बोर्ड वाचता आला नाही हे खरं, पण त्यावर चित्रपण आहे. तिरकी रेघ, तिच्यावर ट्रक, खाली गिअरचा दांडा. चित्र कळायला शाळा लागत नाही.

आणि अजून एक. धडक बसली, गाडी थांबली, सगळीकडं काचेचा पाऊस पडून गेल्यावरची शांतता. समोरच्या गाडीतून म्हातारबाबांचं कण्हणं येत होतं. कुणी धावत यायच्या आधी माझ्या पायानं क्लच दाबला आणि हातानं दांडा तिसऱ्यात टाकला. आधी ते. मग मी खाली उतरून त्यांच्याकडं गेलो.

तो हात मी ओळखतो. तू पुलाच्या कठड्याला गाडी ठोकलीस तेव्हा मी शेजारच्या सीटवर होतो. तुझा पाय डॅशबोर्डखाली अडकलेला, चेहरा पांढराफटक, आणि तुझा हात असाच गेला होता गिअरकडं.

धाकटा


१९ मार्च

दादा,

उद्या जबाब.

खरं लिहिलं तर लायसन जाईल, नोकरी जाईल, कदाचित परत पाठवतील. परत म्हणजे कुठं? तुझ्या दारात? ब्रेक लिहिलं तर मी परवापासून पुन्हा गाडीवर, आणि मिस्त्री घरी बसून जन्मभर त्याच चाकाची उघडझाप करणार. मधला रस्ता पाळीवाल्यानं सांगितला तो, बोर्डाचा. पण बाई म्हणाल्या, बोर्ड वाचला नाही म्हणून ब्रेक जात नाहीत. कारण एकच लिहायचं.

तू म्हणशील, यात एवढा विचार कसला, तू तर खरं बोलणारा. माझ्या वेळी एका दमात बोलला होतास.

तेच लिहायला बसलोय. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की दादानं ब्रेकवर ढकललं, मी खरं काय ते सांगितलं, आणि खरं बोललो म्हणून सख्ख्या भावानं बोलणं टाकलं. इथं पाळीवाल्यालाही तेच सांगितलंय. ऐकणारा मान हलवतो, मला बरं वाटतं.

त्यात एक गोष्ट मी गाळतो. मालक घरी आला तेव्हा तू दवाखान्यात होतास. त्यानं मला अंगणात बोलावलं. आधी विचारलं, "तुला येते का रे चालवायला?" मी म्हटलं, येते. म्हणाला, "दुसरी गाडी उभीच आहे. बरं, आता सांग, ब्रेकच गेले होते ना?"

आणि मी म्हणालो, "न्यूट्रल होती."

म्हणजे आधी गाडी दाखवली होती, दादा. खरं नंतर निघालं. त्याच संध्याकाळी मी किल्ली घेतली. तुझ्या पायाचं प्लास्टर अजून ओलं होतं. आठ दिवसांनी तुला घरी आणलं तेव्हा माझी गाडी दाराशी उभी होती, मी तिला धूत होतो. तू कुबडी टेकवून थांबलास, गाडीकडं बघितलंस, आणि आत गेलास. त्यानंतर एक शब्द नाही. मी वहिनीला म्हणालो, "खरं बोलणारा कुणाला आवडत नाही." वहिनीनं माझ्या हातातल्या किल्लीकडं बघितलं. तेव्हा कळलं नाही.

तुला त्या भागात परत कुणी स्टिअरिंग दिलं नाही. गोदामाच्या वजनकाट्यावर बसतोस असं ऐकतो. तुझ्यासारख्या माणसाला काट्यावर बसवलंय, दुसऱ्यांच्या गाड्या येताना जाताना बघत.

खरं बोललो त्याची माफी मागत नाही. ते बोलायलाच हवं होतं, तिथंही एक मिस्त्री होता. माफी किल्लीची मागतो.

तुझ्याबद्दल खरं बोलायला मला अर्धं मिनिट लागलं होतं. माझ्याबद्दल बोलायला चोवीस दिवस होत आलेत आणि अजून कागद कोराच आहे.

धाकटा


२२ मार्च

दादा,

लिहिलं. "गाडी मी न्यूट्रल केली होती. अपघातानंतर गिअर मी टाकला. ब्रेक चांगले होते." तीन ओळी, आपल्या लिपीत. दुभाष्यानं खाली त्यांच्या भाषेत उतरवल्या. बाईंनी विचारलं, "हे कुणाच्या सांगण्यावरून लिहिताय?" म्हटलं, "नाही, आठवण झाली." त्यांनी चष्मा काढून पुसला, बाकी काही नाही.

लायसन दोन वर्षं जमा. नोकरी गेली. देशाबाहेर काढायचं की नाही ते ठरतंय.

गॅरेजवर गेलो. मिस्त्री परत कामावर होता, सळई कानाला लावून उभा. मी समोर जाऊन उभा राहिलो. वाटलं होतं, पाठीवर हात ठेवेल. इतकंही का वाटू नये माणसाला?

त्यानं सळई खाली ठेवली. "मी माझ्या हातांना शिव्या दिल्या," म्हणाला. "पंचवीस दिवस. तू म्हणालास घासल्यासारखा, तर मी माझ्या बायकोला सांगितलं, सापडली चूक, आता मी पाना हातात धरणार नाही. तिला रडताना मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. जा तू."

मी गेलो. चुकीचं काय बोलला तो?

तिथून दवाखान्यात गेलो. म्हातारबाबांचा पाय टांगलेला. मी कोण ते नर्सनं त्यांना सांगितलं. मला वाटलं आता इथंही. ते म्हणाले, "माझ्या घराच्या मागं रोपं आहेत. पाणी कोण घालतंय?" कुणीच घालत नव्हतं. त्यांनी उशीखालून किल्ली काढून दिली. दादा, किल्ली घेण्याआधी मी हात शर्टाला पुसला. आता रोज सकाळी दोन बस बदलून जातो आणि पाणी घालून येतो. निम्मी वाळलीत. निम्मी तग धरतील.

धाकटा


११ जून

दादा,

मला परत पाठवलं नाही. सुपरवायझर तोंडाचा फाटका, पण मनानं तसा नाही. त्यानं रस्त्याच्या ठेकेदाराला सांगितलं. ठेकेदाराला डोंगरावर राहायला माणूस मिळत नव्हता. काम कसलं, ऐकून हस. वाळू उकरायची. तीच वाट, सातव्या किलोमीटरची. वाळू पावसानं, वाऱ्यानं दबून घट्ट होते. घट्ट झाली की गाडी तिच्यावरून सुसाट जाईल. म्हणून रोज दाताळ्यानं ती सैल करायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक बसलेलं असतं. शेजारी पत्र्याची खोली, एक खाट. आता खाट माझी एकट्याची. उशीला दुसरा खड्डा नाही, तर झोप येत नाही.

बोलायला कुणी नाही. गाड्या येतात, मी कान देऊन ऐकतो. मिस्त्रीकडून तेवढं शिकलो. इंजिन कण्हत आलं की गिअरमध्ये आहे, बरं वाटतं. सुं करत नुसती चाकं आली की मी दाताळं टाकून उभा राहतो.

परवा दुपारी अशीच एक आली. ब्रेकचा जळका वास आधी आला, मग ती. हॉर्न वाजवत माझ्यासमोरून जाणार असं दिसलं. मी रस्त्याच्या मध्ये धावलो आणि दोन्ही हातांनी वाळूकडं दाखवलं, इकडं, इकडं, आपल्याच भाषेत ओरडत. काय कळलं कोण जाणे, शेवटच्या क्षणाला त्यानं वळवली. वाळूत चाकं बुडाली, मडगार्डपर्यंत गेली, आणि थांबली.

मी पायदानावर चढलो. आत एक पोरगेला ड्रायव्हर, माझ्यासारखाच कुठून तरी आलेला. डोळे मोठे झालेले. आणि त्याचा हात गिअरकडं जात होता.

मी खिडकीतून हात घालून त्याच्या हातावर ठेवला. म्हटलं, "राहू दे. कुणाला लागलेलं नाही. आहे तसा राहू दे." त्याला शब्द कळले नसतील. हात मात्र थांबला. आम्ही दोघं तसेच थांबलो, इंजिन गार होईस्तोवर.

तेव्हापासून एकच मनात येतं. त्या दिवशी मी तुझ्या शेजारी होतो. तुझ्या हातापासून माझा हात वीतभर लांब होता. मी नुसता बघत राहिलो, आणि ते बघितलेलं पुढं मालकाला दिलं.

तुझं कार्ड काल मिळालं. पाळीवाल्यानं बसच्या ड्रायव्हरकडं देऊन वर पाठवलं. ना नाव, ना तारीख, चारच शब्द: उतार किती लांब होता? अक्षर तुझंच. उलटून पालटून बघितलं, अजून काही लिहिलंय का. नव्हतं. मग वाटलं, ड्रायव्हर दुसरं काय विचारणार.

बोर्डावर अकरा किलोमीटर लिहिलंय, पण तुला बोर्डावरचं कशाला सांगू. आज सुट्टी होती. पहिल्या बसनं माथ्यावर गेलो आणि चालत उतरलो, दर शंभर मीटरचा दगड मोजत. अकरा किलोमीटर आणि वर सहा दगड. गाडीला नऊ मिनिटं लागली होती. मला तीन तास लागले, आणि गुडघे धरलेत. चालत उतरताना पाय आपोआप पहिल्या गिअरमध्ये पडतात, दादा.

धाकटा